वरून तर बरा दिसतो

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती, बाहेर भुरभुर चालू होती म्हणून आम्ही चारसहा जणी चर्चच्या पडवीत थांबलो होतो. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी मला बाजूला घेऊन गेली. मला इथे सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. मी मठातली सिस्टर नव्हे, सरकारी दवाखान्यांत चौतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. तरी लोक दोन्ही प्रकारचे प्रश्न मलाच विचारतात. ती म्हणाली, “सिस्टर, फादरांना विचारायची लाज वाटते म्हणून तुम्हाला विचारते. हे घरात शिव्या देतात. मुलीसमोर देतात. लग्नाला सतरा वर्षं झाली, यांच्या तोंडून कधी वाईट शब्द ऐकला नव्हता. हे यांचं पाप धरायचं का? यांना पापनिवेदनाला आणायचं, का आणायचंच नाही?” मग खाली बघत अहिराणीत एवढेच बोलली, “हाऊ तो नही शे, सिस्टर.” हा तो नव्हे.

तिची परवानगी घेऊनच मी हे लिहिते आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही. तिचे यजमान एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या एका गाडीचा काटा दोन किलोने चुकला तर रात्री झोप न येणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी पारोळ्याहून धुळ्याकडे मोटारसायकलने येताना अंधारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ते आदळले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. हेल्मेट होते, पण ते हँडलला लटकवलेले होते. अकरा दिवस बेशुद्ध होते, मग डोळे उघडले, महिन्याने घरी आले. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, मीही मानले. पाय चालतात, हात चालतात, भाषा स्पष्ट आहे. गल्लीतले लोक म्हणतात, वरून तर बरा दिसतो.

आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. हात प्लॅस्टरमध्ये असला तर त्या हाताने कोणी घागर उचलायला सांगत नाही. मेंदूला प्लॅस्टर नसते. दिवाणजी आता सकाळी उठून कॉटवर बसून राहतात, आंघोळ कर म्हटल्याशिवाय करत नाहीत. पाचशेची नोट देऊन सुटे पैसे न घेता परत येतात. एका मयतीत त्यांना हसू आले आणि ते थांबेना. लोकांनी आधी म्हटले दारू लागली, मग म्हटले नाटके करतो. जवळच्या एका नातेवाइकाने तर “डोक्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग हा मूळचा स्वभावच बाहेर आला,” असा निकाल दिला.

म्हणून आधी दोन गोष्टी शरीराच्या सांगते, मग आत्म्याच्या प्रश्नाकडे येते. प्रश्न समजला नाही तर उत्तर आपण कठोर देतो, हे मी वॉर्डात पुष्कळदा पाहिले आहे.

काही मुले जन्मतःच मेंदूच्या अडचणी घेऊन येतात. ती गोष्ट वेगळी. जन्मानंतर, चांगल्या चालत्या मेंदूला पुढे कधीतरी जी इजा होते, तिला डॉक्टर अर्जित इजा म्हणतात, म्हणजे नंतर वाट्याला आलेली. तिचे ढोबळ दोन भाग. एक, बाहेरून मार बसून झालेली. दुसरी, बाहेरून काहीच न लागता आतल्या आत झालेली.

बाहेरचा मार आपल्याला माहीत आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळवरून नागपूरकडे जाणारा रस्ता आपल्या अंगणातून जातात. जुने लोक अजून त्याला सहा नंबर म्हणतात, नवा नंबर ५३ आहे. या रस्त्यांनी किती घरांचे कर्ते नेले हे दफनभूमीत फिरले तरी कळते. पण जे वाचले त्यांची मोजदाद कोणी करत नाही. मेंदू हा साधारण सव्वा ते दीड किलोचा, घट्ट दह्यासारखा मऊ अवयव. तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. गाडी थांबते, कवटी थांबते, मेंदू मात्र पुढे जाऊन आदळतो. कवटीचा आतला तळ कपाळामागे आणि कानशिलामागे खडबडीत, धारेचा असतो. त्यामुळे कवटी न फुटताही नेमका तिथला मेंदू खरचटतो. शिवाय झटक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणून तुटतात. ते सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतच नाहीत. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ माणूस नॉर्मल असा घेऊ नये. त्या नातेवाइकाला मी हे सांगितले, त्याला पटले असे वाटत नाही.

म्हाताऱ्या माणसांबाबत एक गोष्ट इथेच सांगून टाकते. आजोबा न्हाणीत घसरतात, डोक्याला जरा टेंगूळ येते, कोणी लक्ष देत नाही. तीनचार आठवड्यांनी ते बरळायला लागतात, धोतर ओले करतात, पाय ओढत चालतात. आपण म्हणतो, वय झाले. कित्येकदा कवटीखाली हळूहळू रक्त साचलेले असते. ते छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा होऊ शकतो. ‘वय झाले’ म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या भागात सगळ्यात मोठा वाटा लकव्याचा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. गुठळीचा लकवा असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन आहे, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, एक हात गळाला, बोलणे अडखळले की देवऋषाकडे किंवा मालिशवाल्याकडे जाण्यात ते साडेचार तास जातात. आपल्या शिरपूर-साक्रीच्या आदिवासी पाड्यांवर तर लहान मुलांनाही लकवा झालेला मी पाहिला आहे. भिल्ल आणि पावरा बांधवांत सिकलसेल आहे, त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन मेंदूच्या वाहिन्या बंद करू शकतात. त्या मुलाला ‘बाहेरचे लागले’ म्हणून बडव्याकडे नेलेले असते.

मग प्राणवायू न मिळाल्याने होणारी इजा. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के खातो. चारपाच मिनिटे पुरवठा बंद झाला की पेशी मरू लागतात. तापीत बुडता बुडता वाचलेला मुलगा, गळफास वेळेवर कापलेला शेतकरी, कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनून श्वास थांबत आलेला मजूर. यातले सगळे ‘वाचले’ असे आपण म्हणतो. मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूवर हल्ला, गाठ, हे आणखी प्रकार. आणि आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्याचा खास प्रकार म्हणजे उष्माघात. पारा ४५ च्या पुढे जातो. अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर चढून बराच वेळ राहिला तर मागच्या बाजूचा लहान मेंदू भाजून निघतो, आणि माणूस जन्मभर झोकांड्या खात, अडखळत बोलत राहू शकतो. त्यालाही लोक दारुडा म्हणतात.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की आपण ज्याला ‘स्वभाव’ म्हणतो तो कुठे राहतो हा प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. कपाळामागचा मेंदू हा आपला लगाम आहे. शिवी सगळ्यांच्याच मनात येते, वाचकहो, तुमच्या येते, माझ्या येते, फादरांच्याही येत असावी. ती ओठांवर येण्याआधी कोणीतरी थांबवते. दिवाणजींचा तो थांबवणारा जखमी झाला आहे.

या बाबतीतली सगळ्यांत जुनी आणि गाजलेली हकीगत एका रेल्वे कामगाराची आहे. भुसावळच्या लोकांना ती आवडेल. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेसाठी खडक फोडताना सुरुंग अचानक उडाला आणि एक मीटरहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार फिनियस गेज नावाच्या २५ वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो मेला नाही. थोड्याच वेळात बोलू लागला. पण त्याला तपासणाऱ्या डॉक्टर हार्लो यांनी पुढे लिहून ठेवले, की शांत, हिशेबी असलेला हा माणूस उद्धट, शिवराळ, कुठल्याही बेतावर न टिकणारा झाला, आणि त्याच्या मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेना. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापार, त्यांनी तेच म्हटले जे आमची बहीण अहिराणीत म्हणाली.

पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. हाच गेज नंतर दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि काही वर्षे त्याने सहा घोड्यांची टपालगाडी हाकली. रोज ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली कामे. १८६० मध्ये फिट्स येऊन तो गेला. पण गाडी हाकणे, प्रवाशांशी नीट वागणे हे ज्याला जमले तो माणूस पुरता वाया गेला होता असे म्हणता येत नाही. लगाम तुटला होता, पण दिनक्रमाने त्याला बाहेरून दुसरा लगाम दिला असावा, असे अलीकडचे अभ्यासक मानतात.

आता तिचा प्रश्न. हे पाप धरायचे का?

आपल्या धर्मशिक्षणात आपण शिकलो आहोत, की पापाला जाणीव लागते आणि मोकळी इच्छा लागते. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १७३५ व्या परिच्छेदात स्पष्ट आहे, की अज्ञान, भीती, सवय आणि मनाची इतर कारणे यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, पूर्ण नाहीशीही होऊ शकते. देशाचा कायदाही असाच आहे. जुन्या दंडसंहितेचे ८४ वे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम, सांगते की ज्याला मनाच्या विकारामुळे आपण काय करतो किंवा ते चूक आहे हेच कळत नाही, त्याचे कृत्य गुन्हा होत नाही. पण या दोन्हींत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कायद्याला हो किंवा नाही हवे असते. दिवाणजींचे काय? त्यांना शिवी वाईट आहे हे कळते. विचारले तर सांगतात. फक्त त्या क्षणी थांबता येत नाही. कायद्याच्या तराजूत असा माणूस बसत नाही. ग्रंथातल्या त्या ‘कमी’ शब्दात तो बसतो.

मी आधी तिला पटकन सांगून टाकले होते, “बाई, त्यांचा काही दोष नाही, आजार आहे, मनावर घेऊ नका.” चौतीस वर्षे मी नातेवाइकांना हेच सांगत आले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “सिस्टर, सगळे असंच म्हणतात. दोष नाही, समज नाही. आता घरात यांना कोणी काही विचारत नाही. दिरांनी घराची वाटणी केली, यांची सही घेतली, विचारलं नाही. मुलगी यांच्याशी भांडत नाही, उठून जाते. मी एकटीच भांडते. मी रागावले ना, की हे कधी कधी मान खाली घालतात. तेवढ्यापुरते ते मला हे वाटतात.”

या उत्तराने माझी झोप उडवली, खोटे सांगत नाही. आपण ‘त्याचा दोष नाही’ म्हणतो ते दयेने म्हणतो. पण ज्याचा कधीच, कशातच दोष नसतो, तो कोण? पाऊस. कुत्रा. तान्हे मूल. मोठ्या माणसाला त्या रांगेत बसवले की त्याची माफी मागण्याची लायकीही आपण काढून घेतो. आणि वाटणीच्या वेळी त्याला न विचारणे मग सोपे जाते. दोष पुरा धरला तर अन्याय होतो, पुरा सोडला तर माणूस हरवतो. त्या बाईने यातला मधला रस्ता कुठल्याही पुस्तकाशिवाय शोधला होता. ती भांडत होती, पण सूड घेत नव्हती.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, म्हणजे माझ्या लिहिण्याचा कोणी गैरअर्थ घेणार नाही. शिव्या वेगळ्या आणि मार वेगळा. मेंदूला इजा झालेला माणूस हात उचलू लागला, तर बायको-मुलांनी तो मार सोसत घरात राहावे असे ख्रिस्तसभा सांगत नाही. धर्मसभेच्या कायद्याच्या ११५३ व्या कलमात, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या जिवाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचे रास्त कारण मानले आहे. दोष त्याचा असो वा नसो, फुटलेले डोके तेवढेच फुटते. आधी सुरक्षित जागी जा, मग फादरांशी बोला, डॉक्टरांशी बोला. रागाच्या झटक्यांवर औषधे आहेत.

आता दुसरा प्रश्न, जो तिने विचारला नाही पण ‘हा तो नव्हे’ यात होता. वेदीसमोर दिलेला शब्द कोणाला दिला होता? जो दिवाणजी होता त्याला. तो जर राहिलाच नाही, तर शब्द कोणाशी?

इंग्लंडचे तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या शेवटी असा विचार मांडला, की माणूस तोच राहतो तो त्याच्या जाणिवेमुळे, मागचे आठवून ‘ते मीच केले’ असे म्हणता येते म्हणून. ऐकायला बरोबर वाटते. पण मग अर्धी आठवण गेलेला माणूस अर्धाच नवरा का? दिवाणजींना लग्न आठवते, अपघाताच्या आधीचा महिना आठवत नाही, आणि काल काय जेवलो तेही आठवत नाही. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ते बदलले असे वाटतच नाही. ते म्हणतात, “मी तोच आहे, तुम्ही सगळे बदलले. कोणी नीट बोलत नाही.” हाही त्या इजेचाच भाग असतो, आपल्यातली उणीव आपल्यालाच न दिसणे. पण त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आम्ही बदललो आहोत.

मला लॉकसाहेबांपेक्षा मुंबईच्या परळ भागातल्या परिचारिकांचे उत्तर जास्त भावते. त्यांनी ते लिहून दिले नाही, करून दाखवले. अरुणा शानभाग ही कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. ती तेव्हा २५ वर्षांची होती, एका डॉक्टरशी तिचे लग्न ठरले होते. ज्याने हे केले त्याला दरोडा आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली, अत्याचाराचा खटला चाललाच नाही. आम्ही परिचर्येचे शिक्षण घेत होतो तेव्हा ही हकीगत एकमेकींना कुजबुजत सांगत असू, रात्रपाळीला तळघरात एकटीने जायचे नाही म्हणून.

अरुणा वॉर्ड क्रमांक ४ च्या एका खोलीत सुमारे ४२ वर्षे होती. मध्यंतरी महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचा विचार केला, तेव्हा परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या. ज्या मुलींचा जन्म १९७३ नंतर झाला, ज्यांनी धडधाकट अरुणा कधी पाहिली नव्हती, त्यांनी तिला भरवले, पुसले, कूस बदलली. इतकी वर्षे खाटेवर राहूनही तिच्या अंगावर जखमा झाल्या नाहीत. ज्यांनी एकही रुग्ण महिनाभर घरी सांभाळला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. २००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी तिचे जेवण थांबवून तिला जाऊ द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला. त्या बाईंनीच अरुणाची कहाणी पुस्तकातून जगापुढे आणली होती, तेव्हा त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज नाकारला आणि सांगितले, की अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे. त्या दिवशी तिथल्या परिचारिकांनी मिठाई वाटली. त्याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मात्र देशात प्रथमच उघडली, आणि ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने ती पक्की केली. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली.

ख्रिस्तसभेचे म्हणणे इथे दोन बाजूंचे आहे आणि आपण बहुधा एकच बाजू सांगतो. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांशी बोलताना सांगितले होते, की असाधारण, डोईजड उपचार करत राहण्याचे बंधन कोणावर नाही. शेत विकून, मुलांचे शिक्षण मोडून अर्थ नसलेल्या यंत्रावर माणूस ठेवावाच लागतो असे नाही. आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २० मार्च २००४ रोजी सांगितले, की अशा अवस्थेतला रुग्ण माणूसच असतो, त्याला भाजीपाल्याची उपमा देऊ नये, आणि त्याला अन्नपाणी देणे ही औषधयोजना नसून साधी सेवा आहे. ती सेवा केईएममध्ये चालू राहिली. करणाऱ्या बहुतेक जणी आपल्या धर्माच्या नव्हत्या.

पण खरे सांगू का? मला अरुणाचे उदाहरण दिवाणजींना लावताना संकोच वाटतो. अरुणा कोणाला शिवी देत नव्हती. निपचित पडलेल्या रुग्णाविषयी दया येते. चालत्या-बोलत्या, वरून बऱ्या दिसणाऱ्या, चहात साखर कमी झाली म्हणून कप फेकणाऱ्या माणसाविषयी राग येतो. दया टिकवणे त्या मानाने सोपे. आणि दुसरा फरक आणखी मोठा आहे. केईएमच्या परिचारिकांना पाळी होती. आठ तास झाले की दुसरी यायची, पहिली घरी जाऊन झोपायची. ४२ वर्षांची ती सेवा एका बाईने केलेली नाही, शेकडो जणींनी केली. आपण मात्र पत्नीकडून ती एकटीने, तिन्ही पाळ्यांत, बिनपगारी करून घेतो आणि वर तिला ‘क्रूस वाहते आहे’ म्हणतो. शुभवर्तमानातल्या त्या पक्षाघाती माणसाची खाटदेखील चौघांनी उचलली होती.

सरकारी आधार म्हणाल तर तोही तोकडाच. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा चांगला आहे. पूर्वी सात प्रकार होते, त्यात २१ केले. सिकलसेल त्यात आले, पण मेंदूच्या अर्जित इजेचे वेगळे नाव त्यात नाही. मग हात-पाय गेले असतील तर त्या खान्यात, मनावर परिणाम असेल तर मानसिक आजाराच्या खान्यात, असे काहीतरी बसवावे लागते. ज्याचे हातपाय शाबूत आणि लगाम तेवढा तुटला, तो खिडकीवर उभा राहिला की बाबू त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतो. वरून तर बरा दिसतो ना.

दिवाणजींच्या घरी आता थोडे वेगळे चालले आहे. आमच्या धर्मग्रामातले तिघे आणि शेजारचे एक निवृत्त मास्तर, ते आपल्या धर्माचे नाहीत, असे चौघे आळीपाळीने मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांना पांझरेच्या पुलापर्यंत फिरायला नेतात. त्या दोन तासांत ती बाई काय करते असे मी विचारले. म्हणाली, झोपते. घरात त्यांच्यासाठी एक दोनशे पानी वही केली आहे. उठणे, आंघोळ, गोळी, दळण, सगळे त्यात लिहायचे आणि झाले की खूण करायची. हिशेबाच्या माणसाला वहीचे प्रेम अजून आहे. अक्षर तेच आहे.

पापनिवेदनाचे मी फादरांना तिच्या वतीने विचारले. ते म्हणाले, घेऊन या, किती धरायचे ते देव बघेल, मला मोजमाप करायचे नाही. पुढच्या शनिवारी ती त्यांना घेऊन आली. आत काय झाले ते आत राहिले. बाहेर आले तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारले, “झालं. आता चहा कुठं आहे?” मागच्या बाकावरची पोरे हसली. ती हसली नाही आणि रडलीही नाही, त्यांना घेऊन टपरीवर गेली.

त्या रात्री वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘मुलीची माफी मागणे.’ सकाळी उठल्यावर त्यांना ते आठवत नव्हते. वही वाचली, बायकोला विचारले, कशाबद्दल? तिने सांगितले. मग ते मुलीसमोर जाऊन उभे राहिले आणि वहीतले वाक्य वाचावे तसे माफी मागितली. ज्याला आपली चूक आठवत नाही त्याने मागितलेली माफी ही माफी होते का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. होत असावी असे मला वाटते, कारण रात्री लिहिताना त्यांना ती आठवत होती आणि सकाळी त्यांनी रात्रीच्या स्वतःवर विश्वास ठेवला. मुलगी नववीत आहे. तिने काही उत्तर दिले नाही. पेन घेतला आणि वहीत त्या ओळीपुढे खूण करून दप्तर घेऊन शाळेत गेली.